वाचकांचे प्रश्न : गुण न मिळवणारा ॲरन डोनाल्ड मोठा कशामुळे?

प्रश्न : आमच्या कार्यालयाचे कामकाज अमेरिकी वेळेप्रमाणे चालत असल्यामुळे रात्रपाळीत एनएफएलची, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगची, चर्चा सतत कानावर पडते. ॲरन डोनाल्ड हा सर्वकालीन श्रेष्ठ खेळाडूंपैकी एक, असे सहकारी सांगतात. मात्र तो चेंडू फेकत नसे, चेंडू घेऊन धावत नसे आणि गुणही मिळवत नसे. मग त्याचे मोठेपण मोजायचे कशावर? आणि तो बत्तिसाव्या वर्षीच निवृत्त का झाला?
— एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : बचाव फळीतल्या खेळाडूचे मोठेपण त्याच्या नावावरील आकड्यांत अर्धेच दिसते. उरलेले अर्धे, त्याला रोखण्यासाठी प्रतिस्पर्ध्याला किती माणसे खर्ची घालावी लागली, यात असते.

आक्रमण करणाऱ्या संघाला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभी चेंडू मागे उभ्या असलेल्या क्वार्टरबॅककडे जातो आणि त्याच्यापुढे पाच धिप्पाड खेळाडूंची भिंत असते. डोनाल्ड ज्या जागी खेळे ती डिफेन्सिव्ह टॅकलची जागा या भिंतीच्या अगदी मधोमध येते. मधून धावणाऱ्याला अडवणे आणि जमल्यास भिंत फोडून क्वार्टरबॅकपर्यंत पोहोचणे, ही त्याची दोन कामे. चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला मागच्या मागे पाडले, तर त्याला सॅक म्हणतात. कडेने धावत येणाऱ्याला हे तुलनेने सोपे जाते. मधल्या खेळाडूवर मात्र दोन-दोन जण एकदम तुटून पडू शकतात, आणि डोनाल्डच्या बाबतीत हे जवळजवळ रोजचेच होते. तरीही त्याने दहा हंगामांत 111 सॅक मिळवले. त्यांपैकी साडेवीस एकट्या 2018 च्या हंगामातले असून तो डिफेन्सिव्ह टॅकलसाठी विक्रम ठरला. दोघांनी मिळून पाडल्यास श्रेय अर्धे-अर्धे वाटले जाते, म्हणून हा आकडा अपूर्णांकात आहे.

आकड्यांपलीकडचे पाहायचे असेल, तर फेब्रुवारी 2022 मधील सुपर बोलचा, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्याचा, शेवट पाहावा. आपल्याकडे तेव्हा सोमवारची सकाळ होती. डोनाल्डचा संघ लॉस एंजेलिस रॅम्स 23–20 असा पुढे होता, एका मिनिटापेक्षा कमी वेळ उरला होता, आणि नवे चार प्रयत्न मिळवण्यासाठी सिनसिनाटी बेंगल्सला उरलेल्या दोन प्रयत्नांत अवघा एक यार्ड हवा होता. तिसऱ्या प्रयत्नात धावून आलेल्या समाजे पेरीनला डोनाल्डने जागीच थोपवले. चौथ्या प्रयत्नात तो भिंत फोडून थेट बेंगल्सचा क्वार्टरबॅक जो बरो याच्यावर जाऊन आदळला. बरोने पडता पडता कसाबसा चेंडू भिरकावला, तो कोणाच्याही हाती लागला नाही, आणि सामना तिथेच संपल्यात जमा झाला. चेंडू हातातून सुटलेला असल्यामुळे या पकडीची नोंद सॅक म्हणून झालीच नाही! कबड्डीत पकड एकाच्या नावावर लागते, पण चढाईपटूची वाट बंद करणारी साखळी दुसऱ्याचीच असते. तसेच हे आहे. त्या सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू झेल घेणारा कूपर कप ठरला. त्याने विजयी टचडाऊन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या अंतिम क्षेत्रात नेऊन मिळवलेले गुण) केला होता हे खरे, परंतु माझ्या मते तो सन्मान डोनाल्डला मिळाला असता, तरी कोणी हरकत घेतली नसती.

आश्चर्य म्हणजे या जागेसाठी तो ठेंगणा समजला जाई. उंची सहा फूट एक इंच आणि वजन सुमारे 127 किलो असलेल्या डोनाल्डसमोर त्याहून वजनदार आणि उंच गडी असत. पिट्सबर्गमधील त्याच्या वडिलांनी घराच्या तळघरात व्यायामशाळा उभारली होती आणि शाळकरी वयापासून पहाटे साडेचारला उठून तो तिथे त्यांच्याबरोबर घाम गाळत असे. ड्राफ्टपूर्व, म्हणजे एनएफएलचे संघ नवे खेळाडू निवडतात त्याआधीच्या, चाचणीत चाळीस यार्डांचे अंतर त्याने 4.68 सेकंदांत कापले, तरीही 2014 मध्ये बारा खेळाडू त्याच्याआधी निवडले गेले. झटापटीत ज्याचे खांदे खाली, त्याचा जोर वर. ही गोष्ट ध्यानात घेतली, तर त्याची कमी उंची हे वैगुण्य नव्हते, हे लक्षात येते. वर्षातील सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कार त्याला 2017, 2018 आणि 2020 असा तीनदा मिळाला. त्याच्या निवृत्तीपर्यंत असे तीन पुरस्कार लॉरेन्स टेलर आणि जे. जे. वॉट या दोघांनाच मिळाले होते.

आता निवृत्तीविषयी. मार्च 2024 मध्ये तो थांबला, तेव्हा नुकत्याच संपलेल्या हंगामातही त्याची निवड वर्षाच्या सर्वोत्तम संघात झालेली होती. म्हणजे त्याला कोणी घरी बसवले नव्हते. मात्र या जागेवर प्रत्येक प्रयत्नात सव्वाशे-दीडशे किलोची शरीरे एकमेकांवर आदळतात, आणि डोक्याला वारंवार बसणाऱ्या लहान धक्क्यांचाही मेंदूच्या दीर्घकालीन आजाराशी संबंध असल्याचे संशोधनातून पुढे आले आहे. विजेतेपद, मान आणि पैसा हाती आल्यावर धडधाकट शरीराने बाहेर पडणे हा निर्णय मला अत्यंत शहाणपणाचा वाटतो.

प्रश्न : माझा सतरा वर्षांचा मुलगा ठाण्यात कबड्डी खेळतो. अंगाने भरदार आहे, बचाव उत्तम करतो. एनएफएलसाठी वजन वाढवावे, असे त्याच्या मनाने घेतले आहे. वाट आहे का?
— एक पालक, खोपट, ठाणे

उत्तर : वाट आहे, पण फार अरुंद. अमेरिकेबाहेरील खेळाडूंसाठी एनएफएलने 2017 पासून एक प्रशिक्षण योजना चालवली आहे. नायजेरियात जन्मलेला आणि इंग्लंडमध्ये वाढलेला एफे ओबाडा हा बचाव फळीतला खेळाडू तीतूनच कॅरोलिना पँथर्सच्या मुख्य संघात पोहोचला. ऑस्ट्रेलियाचा जॉर्डन मायलाटा रग्बीतून आला आणि 2018 च्या ड्राफ्टमध्ये सातव्या फेरीत निवडला गेला. मात्र हे दोघे आधीच प्रचंड देहाचे होते. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये फ्लॅग फुटबॉल आहे खरे, पण त्यात अंगावर धावून जाऊन पाडणे नसते. त्यामुळे आपल्या मुलाला तिथे या कामासाठी जागा नाही.

माझी खरी काळजी वजनाची आहे. कबड्डीत वजनाची कमाल मर्यादा असते, तर डिफेन्सिव्ह टॅकलला सव्वाशे किलोच्या आसपास जावे लागते. दूरच्या आशेवर त्याने आजच वजन वाढवले, तर हातातली कबड्डी सुटेल. तूर्त त्याने वजन आहे तेच राखून कमरेतून वाकून जोर लावणे, छोट्या अंतराची धाव आणि हाताची पकड यांवर मेहनत घ्यावी. हे तिन्ही कबड्डीतही उपयोगी पडते, आणि वजनाचा विचार वाढ पूर्ण झाल्यावर, क्रीडावैद्यकाच्या सल्ल्याने करता येईल.