जे हुकलं त्याची क्षमा मागायची का?

प्रश्न: ताई, जय ख्रिस्त. मी नगरची, वय 48, जीएनएम केलेली नर्स. 2002 साली मला कुवेतची ऑफर आली होती, मुंबईत इंटरव्ह्यू झाला, मेडिकल झालं, व्हिसा येणार इतक्यात पप्पांना पॅरालिसिसचा झटका आला. भाऊ लहान, आई एकटी, मी येत नाही म्हणून कळवून टाकलं. पप्पा पुढे चार वर्षं अंथरुणावर होते, सगळं मीच केलं. मग लग्न, मुलं, आणि तेव्हापासून इथल्याच एका खाजगी हॉस्पिटलात आहे, पगार सांगायची लाज वाटते. बॅचच्या मुली आयर्लंड, इंग्लंड, दुबईला. ग्रुपवर रोज त्यांचे फोटो. परवा मुलगा भांडणात बोलून गेला की तू तेव्हा गेली असतीस तर मला एज्युकेशन लोन काढावं लागलं नसतं. महिला मंडळाच्या प्रार्थनेत हे सांगितलं तर एक बहीण म्हणाली, देवाने दार उघडलं होतं, तुझा विश्वास कमी पडला, त्याची क्षमा माग. तेव्हापासून रोज क्षमा मागते पण शांती नाही. प्रभुभोजनाच्या रविवारी, चर्चमध्ये येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घेतात तेव्हा, प्याला हातात घेताना वाटतं आपण लायकच नाही. काय करू?

उत्तर: अगं, पहिल्यांदा ती क्षमा मागणं बंद कर. आजपासून. तुला शांती मिळत नाहीये कारण जो गुन्हा केलाच नाहीस त्याची तू माफी मागतेयस, आणि न केलेल्या गुन्ह्याची माफी कितीही वेळा मागितली तरी ती मिळाल्यासारखी वाटत नाही.

बायबलात मार्काच्या 7व्या अध्यायात येशू परूश्यांवर (धर्माचे नियम कडक पाळणारे यहुदी) चिडलाय तो प्रसंग काढून वाच. आईबापाला द्यायचं ते "कुर्बान आहे, देवाला वाहिलंय" असं म्हणून हात झटकणारे लोक होते त्या काळी, दिसायला एकदम धार्मिक, आणि येशू त्यांना सरळ सांगतो की तुम्ही देवाची आज्ञा रद्द करताय. म्हणजे आईबापाला टाकण्यासाठी देवाचं नाव पुढे करणाऱ्यांवर तो रागावलाय. तू तर उलट केलंस, हातातली नोकरी सोडून बापाचं अंथरूण काढलंस, आणि आता तुला कोणीतरी सांगतंय की हाच तुझा अविश्वास. त्या बहिणीचा हेतू चांगला असेलही पण आपल्या मंडळ्यांमध्ये ही एक सवयच लागलीय, कोणाचं काही हुकलं की लगेच त्याचा विश्वास मोजायला बसायचं, आणि हे मोजणारे बहुतेक वेळा असे असतात ज्यांना स्वतःला कधी असं काही निवडावं लागलेलं नसतं. असो.

प्याल्याचं पण सांगते. "अयोग्य रीतीने" खाऊ पिऊ नये हे प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलं ते कशावरून? तिथे काही लोक आधी येऊन पोटभर खाऊन पिऊन घ्यायचे आणि गरीब बिचारे उपाशी राहायचे, त्यावरून. 1 करिंथ 11 पूर्ण वाच, एक ओळ काढून नको. तू दुसऱ्याच्या आधी ताटावर बसणाऱ्यातली नाहीस. बिनधास्त प्याला घे.

आता मुद्दा असा की पाप नाही म्हणजे दुःख नाही असं थोडंच आहे. तुझं काहीतरी खरंच गेलं. पैसा गेला, जग बघायचं राहिलं, आणि "मी पण करू शकले असते" हे सिद्ध करायचं राहिलं, मला वाटतं हेच जास्त टोचत असणार. त्यामुळे "देवाची योजना होती", "जे होतं ते चांगल्यासाठी" असलं काही मी तुला सांगणार नाही, तू ते वीस वर्षं ऐकलंयस. पण हे दुःख देवाकडे न्यायची पद्धत वेगळी आहे. पापाची कबुली द्यायची असते, नुकसानीची तक्रार करायची असते. स्तोत्रांमध्ये अशा तक्रारी भरल्यात. 13वं स्तोत्र तर सुरूच होतं "किती काळ" या प्रश्नाने, आणि 88वं अंधारातच संपतं, शेवटी हल्लेलूया वगैरे काही नाही, तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलंय. रूथच्या पुस्तकातली नामी मवाबातून नवरा आणि दोन्ही मुलं गमावून बेथलेहेमला परत आली तेव्हा गावातल्या बायकांना म्हणाली मला नामी म्हणू नका, मारा (म्हणजे कडू) म्हणा, सर्वसमर्थाने माझं आयुष्य कडू केलंय. यावर तिला कोणी गप्प केलं, विश्वास कमी म्हणून सुनावलं, असं त्या पुस्तकात कुठेही नाही. तर तू पण एकदा दार लावून देवाला स्पष्ट सांग की मला कुवेतला जायचं होतं, मला वाईट वाटतंय, मला राग आलाय. रडायचं तर रड. "क्षमा कर" हा शब्द त्यात येऊ देऊ नकोस.

पंडिता रमाबाईंचं केडगाव तुला माहीत असेलच (आपल्या नगरच्या शेजारचं नाही, दौंडजवळचं). पण त्यांना व्हायचं होतं डॉक्टर, हे फार जणांना ठाऊक नसतं. 1883 साली लहानग्या मुलीला, मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या त्या मेडिकल शिकायला, आणि कानाने कमी ऐकू येत होतं म्हणून ते शिक्षण त्यांना मिळालंच नाही. चेल्टनमच्या कॉलेजात संस्कृत शिकवत राहिल्या. आणि 1886 मध्ये त्या अमेरिकेला गेल्या त्या कशासाठी, तर फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशींना डॉक्टरकीची पदवी मिळणार होती त्या समारंभाला! आपल्याला जे हवं होतं आणि मिळालं नाही ते दुसरीला मिळताना बघायला समुद्र ओलांडून गेल्या. आपण ग्रुपवरचा फोटो बघू शकत नाही. त्या वेळी त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मी सांगू शकत नाही पण त्या तिथे गेल्या, एवढं खरं.

पुढे विधवांसाठी शारदा सदन, केडगावचं मुक्ती मिशन, दुष्काळातून आणलेल्या शेकडो बायका मुली, मूळ हिब्रू ग्रीकवरून केलेलं अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर हे सगळं झालं. पण "बघ, डॉक्टर झाल्या नाहीत म्हणून केवढं मोठं काम झालं" असा हिशोब मी मांडणार नाही, कारण असा हिशोब मांडला की तू लगेच विचारणार, मग माझं मोठं काम कुठंय? रमाबाईंचं ऐकू येणं काही परत आलं नाही. एकुलती एक मनोरमा 1921 मध्ये त्यांच्या आधी गेली, त्या स्वतः 1922 च्या एप्रिलमध्ये गेल्या, आणि भाषांतराचं काम शेवटपर्यंत चालू होतं. काही गोष्टींची भरपाई झाली, काहींची नाही. दोन्ही घेऊन त्या रोज कामाला लागायच्या, मला त्यांचं एवढंच धरून ठेवावंसं वाटतं.

अजून एक. तू ज्या कुवेतशी तुलना करतेयस त्या कुवेतमध्ये एकही वाईट दिवस नाहीये बघ. तिथे नाईट ड्युटी नाही, एजंटचं कर्ज नाही, आणि "पप्पा गेले, तिकीट मिळत नाहीये" असा फोनही नाही. न जगलेलं आयुष्य कायम इस्त्री केलेलं असतं. ग्रुप म्यूट कर, सोडू नकोस, मैत्रिणी आहेत त्या.

मुलाशी मात्र बोल. तो रागात बोलला, ठीक आहे, पण त्या चार वर्षांत घरात काय चाललं होतं हे त्याला कोणी सांगितलंय का? आजोबांना कुशीवर कोण वळवायचं, बेडसोर होऊ नये म्हणून रात्री किती वेळा उठायचीस, हे त्याला एकदा शांतपणे सांग, रडून नको, टोमणा म्हणून पण नको.

आणि खरंच अजून जायचं असेल तर स्वतःला तसं विचार. 48 म्हणजे संपलं असं नाही, इंग्लंडच्या नर्सिंग रजिस्टरला वयाची वरची मर्यादा नाही, इंग्रजीची परीक्षा मात्र बहुतेकांना द्यावी लागते, आयईएलटीएस किंवा ओईटी. अनुभव तर तुझ्याकडे पोत्याने आहे. पण मुलाचं बोलणं लागलं म्हणून उद्याच कोणा एजंटला पैसे देऊन बसू नकोस. बायबलात गणनाच्या 14व्या अध्यायात इस्राएल लोकांनी असंच केलं, देव जा म्हणाला तेव्हा घाबरून बसले, मग पस्तावले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोशे नको म्हणत असताना डोंगर चढले आणि मार खाऊन आले. चूक झाली म्हणून घाईघाईत केलेली भरपाई ही बऱ्याचदा दुसरी चूक असते. एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला आहे का हे ई-मायग्रेटच्या साइटवर बघता येतं, ते बघ, मग पुढचं. आणि नाही जायचं असं ठरलं तरी ते या वेळी तू ठरवलेलं असेल, पॅरालिसिसने नाही.

प्रश्न: मी वसईचा, कॅथलिक, वय 67. 1992 साली आमची वाडी विकली, केळी, मोगरा, पानवेल, बावखल (गोड्या पाण्याचं तळं) सगळं होतं. बिल्डरने दिलेला भाव तेव्हा खूप वाटला, आज तिथे टॉवर आहेत आणि शेजाऱ्याने थांबून विकली तो कुठच्या कुठे गेला. रात्री झोप लागत नाही, मुलं बोलत नाहीत पण त्यांच्या तोंडावर दिसतं. बहिणीची सही तेव्हा साडी आणि थोडे पैसे देऊन घेतली होती, तिने काही तक्रार केली नाही. फादरना सांगितलं तर म्हणाले प्रार्थना करा. पण विश्वास असूनही ही हळहळ जात का नाही?

उत्तर: काका, वरचं पत्र वाचलंत तर वाटेल मी तुम्हालाही तेच सांगणार, पण नाही. कमी भाव मिळाल्याचं दुःख मला कळतं, वाडी गेली, बावखल बुजलं, ते वाईटच. पण 1992 मध्ये आजचा रेट कोणालाच माहीत नव्हता. तेव्हा पैशांची गरज असेल, सगळेच विकत होते, त्यात पाप वगैरे काही नाही, ते दुःख आहे आणि ते हळूहळू बोथट होईल.

पण तुम्ही पत्राच्या शेवटाकडे एक वाक्य असं टाकलंय जसं काही ते महत्त्वाचं नाही. बहिणीची सही. मला तर वाटतं तुमची झोप तिथे अडकलीय, भावात नाही. ख्रिस्ती लोकांना भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 लागू होतो आणि त्यात बापाने मृत्युपत्र केलं नसेल तर मुलगा मुलगी दोघांचा वाटा सारखा. साडीवर हक्कसोड घ्यायची आपल्याकडे पद्धत होती हे खरं, सगळ्यांच्या घरी झालंय, माहेर तुटू नये म्हणून बायका सही करून द्यायच्या आणि वर जेवूनही जायच्या. म्हणून तक्रार केली नाही याचा अर्थ मनात काही नव्हतं असा होत नाही.

तुम्ही तीस वर्षं त्या शेजाऱ्याशी तुलना करताय, तो कुठच्या कुठे गेला म्हणून. एकदा बहिणीशी करून बघा. ज्या दराने विकलं म्हणून तुम्ही हळहळताय त्या कमी भावातलं सुद्धा तिला काय मिळालं?

जक्कय नावाच्या जकातदाराकडे येशू स्वतःहून उतरला तेव्हा जक्कय नुसतं मला वाईट वाटतंय म्हणून थांबला नाही, ज्याचं लुबाडलंय त्याला चौपट देतो म्हणाला. तुमच्याकडून चौपट कोणी मागत नाहीये. पण आज तुमच्याकडे जे आहे, एफडी असेल, फ्लॅट असेल, त्यातून तिचं काय निघतं हे एखाद्या वकिलाला विचारा, सही जुनी आहे त्यामुळे कायद्याने कदाचित काहीच निघणार नाही, तरीही विचारा आणि मग स्वतः एक आकडा ठरवा. पापनिवेदनाला जाल तेव्हा फादरना पण हेच सांगा, जमिनीच्या भावाचं नाही. भावाचं सांगितलं म्हणून ते प्रार्थना करा म्हणाले, ते तरी दुसरं काय म्हणणार.

मुलांना आधी सांगून ठेवा, नाहीतर घरात नवीन भांडण. आणि बहिणीला फोनवर सांगू नका, तिच्या घरी जा, काकूंना पण घेऊन जा. तिने "राहू दे रे" म्हटलं तर लगेच बरं म्हणून उठू नका. ती तसंच म्हणणार.