गृहीतक, परिकल्पना की सरळ अंदाज?

लातूर जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे: "सातवीच्या विज्ञान प्रदर्शनाच्या तक्त्यावर 'गृहीतक' लिहावं की 'परिकल्पना'? अर्थ एकच ना?"

एकच नाही. तक्त्याच्या तळाशी लाल अक्षरांत 'गृहीतक सिद्ध झाले' लिहायची पद्धत तर आता पुरे. जे गृहीत धरलं त्याची परीक्षा घ्यायची नसते, म्हणूनच ते गृहीत. सगळ्या कुंड्यांतली माती सारखी आहे, हे गृहीतक. प्रयोग करून जे तपासायचं, ती परिकल्पना. बी.एड.च्या कृतिसंशोधनातही गृहीतकं वेगळी मांडतात आणि परिकल्पना वेगळी. तेव्हा 'परिकल्पना' लिहा आणि मोकळ्या व्हा.

काही विद्वानांना इथे 'अभ्युपगम' हवा असतो. शब्द भारदस्त, पण नेमका उलट्या कामाचा. न्यायसूत्रांतला, म्हणजे न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथातला, अभ्युपगम म्हणजे एखादी गोष्ट न तपासता तात्पुरती मान्य करायची आणि तिच्या पुढचा तपशील तपासायचा. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याचंच उदाहरण घ्या: शब्द, म्हणजे ध्वनी, हे द्रव्य आहे असं धरून चालू, आता ते नित्य की अनित्य ते बोला. मुळात द्रव्य आहे की नाही, हा मुद्दा बाजूलाच! म्हणजे हेही गृहीतकच, फक्त सोवळं नेसलेलं.

खरा शब्द मुलांच्या तोंडी आधीपासून आहे: अंदाज. तो आला फारसी 'अंदाख्तन'वरून, म्हणजे फेकणे. तीर फेकणारा तो तीरंदाज, तोफेचा गोळा फेकणारा तो गोलंदाज. पण त्याआधीच्या पहलवीत, म्हणजे फारसीच्या जुन्या रूपात, याच क्रियापदाचा अर्थ हिशेब करणे, बेत आखणे असा होता. त्याच धातूपासून 'अंदाजा' म्हणजे माप, आणि तो अरबीत जाऊन झाला 'हंदसा', म्हणजे चक्क भूमिती! नेम आणि माप एकाच शब्दात. परिकल्पनेला आणखी काय लागतं? शुद्धिवादी नाक मुरडतील, 'अंदाजपंचे दाहोदरसे'ची आठवण करून देतील. निजामाच्या राज्यात पिढ्या काढलेल्या मुलखाला फारसीचं वावडं शिकवू नये. आणि हवामानाचा अंदाजही अंदाजच असतो की. तो जुळला की हुकला, ते पेरणी करून बसलेल्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही.

नेम धरायचा तर आधी प्रश्न नेमका हवा. 'सोयाबीन नीट का उगवत नाही?' यावर वर्ग वीस कारणं सांगेल आणि तपासता एकही येणार नाही. 'का' काढा, 'किती' घाला, बदलायची गोष्ट एकच ठेवा: 'दाणा 3, 6 आणि 9 सेंमी खोल टाकला तर 10 दिवसांत किती रोपं वर दिसतात?' मग अंदाज: 'जर 9 सेंमी खोल टाकला, तर 3 सेंमी खोलीपेक्षा कमी रोपं दिसतील, कारण सोयाबीनच्या कोंबाला दाण्याची दोन्ही दलं डोक्यावर घेऊन माती फोडावी लागते.' यातलं 'कारण' मुलं हमखास गाळतात. 'वाढ चांगली होईल' असं लिहून आणलं तर वही परत द्या. चांगली म्हणजे किती सेंमी?

प्रत्येक खोलीला 20 दाणे, सगळे एकाच पिशवीतले. तीन पेल्यांत एकेकच दाणा टाकला आणि त्यातला एक किडका निघाला, की खोली बिचारी फुकट बदनाम. त्याआधी ओल्या गोणपाटावर 100 दाण्यांची उगवण पाहून घ्या. तिथेच 70 उगवले असतील तर 20 पैकी 14च्या आसपासच अपेक्षा ठेवायची. पाणी मापून आणि हळू. काळ्या मातीवर भसकन ओतलं तर वाळताना पापडी धरते आणि 3 सेंमीवालेही अडकतात. मग मोजलं काय, खोली की पापडी?

अंदाज पेरणीच्या आधी, शाईने, तारीख घालून. नंतरची खाडाखोड चालवून घेऊ नका. तळाशी 'जुळला' किंवा 'हुकला', एवढंच.

मग तोच प्रयोग हरभऱ्यावर करायला लावा. हरभऱ्याची दलं मातीतच राहतात, नुसता कोंब वर येतो, त्यामुळे सोयाबीनवरून बांधलेला अंदाज इथे हुकू शकतो. हुकला तर तो तक्ता लपवू नका, प्रदर्शनात तोच पुढे लावा.