आजारी आहे एवढंच कळव, काय झालंय ते नको

मार्चमध्ये तू जर्मनीत नर्स म्हणून रुजू होणार. मायग्रेनमुळे महिन्यातून एखादा दिवस उठवत नाही. फोन करून सुट्टी घेताना किती सांगायचं, आणि नाही सांगितलं तर लबाडी ठरेल का, हा तुझा प्रश्न. लबाडी ठरत नाही. मी आजारी आहे आणि अंदाजे इतके दिवस येणार नाही, एवढं कळवलं की तुझं काम संपलं. पण हे आपल्या अंगवळणी पडायलाच वेळ लागतो बघ.

सोलापुरात मी ज्या दवाखान्यात होते तिथं मेट्रनला 'ताप आहे' म्हटलं की 'किती?' हा पुढचा प्रश्न ठरलेला. थर्मामीटरचा फोटो ग्रुपवर टाकणाऱ्यांतली मीही एक. माझे वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात होते. त्यांना टीबी झाला. सर्टिफिकेटवर तसं लिहिलेलं, आणि ऑफिसात ते टेबलावर उघडंच पडलेलं. सहा महिन्यांचा कोर्स पुरा करून, थुंकीची तपासणी निगेटिव्ह घेऊन ते कामावर गेले, तर माठाशेजारी त्यांच्यासाठी वेगळा पेला. खिळ्यानं खूण केलेला. त्याबद्दल ते घरी कधी बोलले नाहीत, आईला शेजारणीकडून कळलं.

एवढं बघूनही 2019 मध्ये इथं आल्यावर पहिल्याच आजारपणात मी वॉर्डच्या प्रमुख बाईंना लांबलचक मेल लिहिला. पाळीचा त्रास, किती दिवसांपासून, वर सोनोग्राफीचा रिपोर्ट जोडलेला. उत्तर दोन शब्दांचं, 'गुटे बेसेरुंग', लवकर बरी हो. परत गेल्यावर त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं, मेल मी काढून टाकला, पुढच्या वेळी फक्त तारीख कळव. लाजून लाल झाल्या होत्या त्याच.

आता कामाचं. ड्यूटी सुरू होण्याआधी फोन करायचा. कुणाला, ते पहिल्याच दिवशी विचारून ठेव. आजारपण तीन दिवसांपेक्षा लांबलं तर चौथ्या दिवशी डॉक्टरचा दाखला लागतो. यात शनिवार-रविवारही मोजतात. शुक्रवारी पडलीस तर सोमवार हा चौथा दिवस. मालक पहिल्या दिवसापासूनही दाखला मागू शकतो, म्हणून करार नीट वाच.

पूर्वी हा दाखला पिवळ्या कागदावर मिळायचा. मालकाच्या प्रतीवर आजार नसायचा, पण डॉक्टरचा शिक्का असायचा. मानसोपचारतज्ज्ञाचा शिक्का असला की वाचणाऱ्याला आणखी काय हवं? 1 जानेवारी 2023 पासून सरकारी विमावाल्यांचा कागद बंद झाला. डॉक्टर माहिती विमा कंपनीला, म्हणजे क्रांकनकासेला पाठवतो आणि हॉस्पिटल तिथून कधीपासून कधीपर्यंत एवढं बघतं. आजाराचं नाव नाही, डॉक्टरचंही नाही. ज्या डॉक्टरकडे तू आधी जाऊन आलीस, तो साध्या आजाराला फोनवरसुद्धा पाच दिवसांपर्यंतचा दाखला देऊ शकतो. म्हणून घराची किल्ली मिळाल्या मिळाल्या जवळचा फॅमिली डॉक्टर गाठ.

पगाराचं म्हणशील तर पहिले सहा आठवडे मालक पूर्ण देतो, पुढे विमा साधारण 70 टक्के. मात्र नोकरीच्या पहिल्या चार आठवड्यांत मालकावर ते बंधन नाही, तेव्हा विमाच देतो. प्रोबेशन बहुतेक सहा महिन्यांचं असतं आणि त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर, कारण न देता काढता येतं. आजारी असताना काढता येत नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. म्हणून वॉर्डात मायग्रेनचा विषय मी तरी तुझ्या जागी काढला नसता.

नर्सला सगळंच झाकता येत नाही, हेही खरं. गोवराच्या लसीचा दाखला द्यावाच लागतो, हिपॅटायटिस बीचंही विचारतात. पेशंटला लागण होईल असं काही असलं तर गप्प राहायचं नाही. आणि हॉस्पिटलनं कर्मचाऱ्यांसाठी नेमलेल्या डॉक्टरकडे तपासणी होईल तिथं मायग्रेन मोकळेपणानं सांग, विशेषतः नाइट ड्यूटीनं वाढत असेल तर. तो वर कळवतो ते फक्त कामाला योग्य की नाही, काही बंधनं हवीत का एवढंच. गुप्तता मोडली तर त्याच्यावर गुन्हा होतो.

खरी गळती आपल्याच माणसांतून होते. वॉर्डात एखादी मराठी सिस्टर असणारच. ती मायेनंच विचारेल, 'काय गं झालं?' तिला सांगितलंस की संध्याकाळी गणपती मंडळाच्या ग्रुपवर चौघी काढ्याची कृती पाठवतात आणि दुसऱ्या दिवशी ब्रेकरूममध्ये जर्मन मंडळीही हळहळतात. मी आता अंग मोडून आलं होतं म्हणते. त्यावर अजून तरी कुणी पुढचा प्रश्न विचारलेला नाही.