गाडी खाली आणली, टायर का खाल्ले जातायत?

प्रश्न : हॅचबॅकला ४० मिमी खाली बसणाऱ्या स्प्रिंगा टाकल्या. आता पुढच्या टायरांची आतली कड झिजते, गतिरोधकावर ठक्क आवाज येतो. – एक वाचक, फोंडा

उत्तर : गाडी खाली बसली की कॅम्बर, म्हणजे समोरून दिसणारा चाकाचा कल, आत झुकतो. टो, म्हणजे वरून पाहता चाकांची तोंडे आत किंवा बाहेर वळलेली असणे, तोही बिघडतो. टायर खातो तो मुख्यतः हा बिघडलेला टो. स्प्रिंगा चारपाचशे किलोमीटर चालून बसल्या की अलाइनमेंट करून, म्हणजे चाकांचे हे कोन जुळवून घ्या.

ठक्क आवाज बहुधा बंप स्टॉपचा, म्हणजे शॉकअप पूर्ण दबल्यावर धक्का झेलणाऱ्या ठोकळ्याचा. जुन्या शॉकअपच्या दांड्याला आता खाली जायला जागाच उरत नाही. कमी उंचीचे शॉकअप हाच खरा उपाय. मूळ स्प्रिंगचे वेटोळे कापण्याच्या फंदात मात्र कृपया पडू नका. चाक लोंबकळताना कापलेली स्प्रिंग तिच्या बैठकीच्या वाटीतून सुटू शकते.

लोअर आर्मचे (चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) बोल्ट गाडी जॅकवर असतानाच आवळले होते का, हे मेकॅनिकला विचारा. तसे असेल तर बुशचे, म्हणजे आर्मच्या सांध्यातल्या नळीचे, रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते. बोल्ट सैल करून, चाके जमिनीवर टेकल्यावर ठरलेल्या टॉर्कने (पिळाच्या जोराने) आवळा. आपल्या खाऱ्या हवेत स्प्रिंगचा रंग उडालेला भागही पावसाळ्याआधी तपासा, विशेषतः खालच्या वाटीपाशी. गंज तिथूनच धरतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातील बदलांवर निर्बंध आहेत, म्हणून आधी आरटीओत चौकशी करा.