दाखल्याचा अर्ज आधी मागे घ्या

प्रश्न: माझा मुलगा नाशिकमधल्या एका विनाअनुदानित शाळेत तिसरीत आहे. त्याला ऑटिझम आहे, प्रमाणपत्रही आहे. ‘आमच्याकडे सोय नाही, स्पेशल शाळेत घाला,’ असं मुख्याध्यापिका दोन वर्षं सांगत होत्या. गेल्या आठवड्यात त्यांनी पुढे केलेल्या, शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या छापील अर्जावर मी सही केली. आता काही करता येईल का?

उत्तर: ताई, नेहमीच्या शाळेत शिकण्याचा हक्क मुलाला आहे की नाही, यावर मी वेळ घालवत नाही. अशी पत्रं बरीच येतात, आणि बहुतेकांत घोळ त्या सहीचाच असतो.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 16 नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत शाळेला मुलाला काढून टाकता येत नाही. म्हणून शाळा काढत नाही, पालकांकडून अर्ज लिहून घेते. मग दाखल्यावर ‘शाळा सोडल्याचे कारण’ या रकान्यात ‘पालकांच्या विनंतीवरून’ असं येतं आणि तुमची तक्रार तिथेच लंगडी पडते. वाचल्याशिवाय सही का केलीत, हे आता विचारून उपयोग नाही. दाखला अजून घेतला नसेल, तर उद्याच लेखी पत्र द्या: अर्ज आग्रहामुळे दिला होता, तो मागे घेत आहे, मुलाचं नाव पटावर ठेवावं. पोच घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. मुलाला रोज शाळेत पाठवत राहा.

त्याच पत्रात दिव्यांग हक्क कायदा, 2016 चं कलम 16 नमूद करा. ते सरकारमान्य शाळांनाही लागू आहे, शाळा विनाअनुदानित असली तरी. भेदभाव न करता प्रवेश आणि मुलाच्या गरजेनुसार सोयी देणं त्यात आलं. ‘प्रमाणपत्रावर 40 टक्के दिव्यांगत्व नाही’ असं कोणी म्हणालं तर दबू नका; ती अट कलम 31 मधल्या मोफत शिक्षणासाठी आहे, कलम 16 साठी नाही. शॅडो टीचरचा, म्हणजे वर्गात मुलासोबत राहून त्याला मदत करणाऱ्या शिक्षकाचा, खर्च कोणी करायचा, यावर मात्र मी छातीठोकपणे काही सांगणार नाही. शाळा अल्पसंख्याक संस्थेची असेल तर शिक्षण हक्क कायद्याचा आधार डळमळतो, तेव्हा ते आधी तपासा.

दोन वर्षं सगळं तोंडी चाललं, हे तुमचं सर्वांत मोठं नुकसान. पत्राला दाद मिळाली नाही तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 32 खाली महापालिकेकडे लेखी तक्रार करा. तीन महिन्यांत निर्णय देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. त्यावर अपील राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे. पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडेही अर्ज करता येतो, पण ते शिफारस करतात. दिव्यांग हक्क कायद्यातल्या दंडाची भीती शाळेला फारशी नसते: पहिल्या उल्लंघनाला जास्तीत जास्त 10,000 रुपये, गॅदरिंगच्या मंडपाला याहून जास्त जातात. कोर्टाची घाई नको. विशेष शिक्षकांबाबतची याचिका सर्वोच्च न्यायालयात 2016 ची. निकाल 2021 मध्ये लागला आणि 2025 मध्येही न्यायालय राज्यांना पदं जाहीर करा म्हणून बजावत होतं. तोवर तुमचा मुलगा दहावीला पोचेल.

दाखला हातात आलाच असेल, तर तो दुसऱ्या शाळेत देऊ नका. कारणाच्या रकान्यात काय लिहिलंय ते आधी वाचा आणि त्या अर्जाची प्रत शाळेकडे लेखी मागा.