मराठी बोलणं ओळखायचं, की फोनची बटणं?

प्रश्न : सर, आम्ही तिघी ऐरोलीला राहतो, इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहोत. एफपीजीएवर, म्हणजे आतलं सर्किट आपणच ठरवायचं अशा चिपवर, मराठी बोलणं ओळखणारं यंत्र करायचं ठरवलंय. लॅबमध्ये बोर्ड एकच, तोही पाळीपाळीने मिळतो. मार्चपर्यंत वेळ आहे. गाईड म्हणतात, विषय छोटा करा. पण मग परीक्षक ‘यात विशेष काय?’ असं विचारणार नाहीत का?

उत्तर : गाईडचं ऐका. तुमचं यंत्र ‘सात’ला ‘आठ’ म्हणालं, तर चूक माइकची, फिल्टरची, मॉडेलची की व्हेरिलॉगची (चिपचं सर्किट लिहायची भाषा), हे शोधण्यातच मार्च उजाडेल. तुर्भ्याला मोजमापाची यंत्रं तपासण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे मी एकच विचारतो : यंत्राने तोंड उघडण्याआधी बरोबर उत्तर तुम्हाला माहीत आहे का?

माहीत असलेलं उत्तर हवं तर फोनच्या बटणांचे सूर घ्या, म्हणजे डीटीएमएफ. ‘मराठीसाठी ३ दाबा’ म्हटल्यावर ३ दाबता, तेव्हा कानात ६९७ आणि १४७७ हर्ट्झ एकदम वाजतात. अमेरिकेत बेल टेलिफोन कंपनीने १९६३ साली ही पद्धत सुरू केली. सूर एकूण आठ, प्रत्येक बटणाला त्यातले दोन. ते असे निवडलेत की एक दुसऱ्याच्या पटीत येत नाही.

यासाठी एफएफटीच्या, म्हणजे आवाजातले सगळेच सूर एकदम मोजण्याच्या, वाटेला जाऊ नका. ठरलेल्या एका सुराचा जोर मोजणारी गोर्ट्झेलची रीत पुरते. आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने (सॅम्पल) आणि २०५ नमुन्यांचा एक गट, म्हणजे २५.६ मिलिसेकंद. प्रत्येक सुरासाठी दर नमुन्यामागे एकच गुणाकार. बोर्डाचं घड्याळ ५० मेगाहर्ट्झचं असेल तर दोन नमुन्यांमध्ये ६२५० ठोके मिळतात. म्हणजे आठही सुरांना गुणाकाराचं एकच सर्किट आळीपाळीने वापरा, वर वेळ उरेल.

खरी गंमत पूर्णांकांत आहे आणि परीक्षकही तिथेच थांबतो. त्या गुणाकारात प्रत्येक सुराची एक ठरलेली संख्या असते, तिचा गुणांक; ६९७ हर्ट्झचा येतो १.७०७७, आणि तो पूर्णांकात बसवायचा. १६ बिटांत एक चिन्हाचा, उरलेले १५ बिट अपूर्णांकाला दिले तर एकच्या वरची संख्या मावतच नाही. एक बिट कमी द्या, १६३८४ ने गुणा, मिळतात २७९८०. इथवर बहुतेक जण येतात. पुढे बघा : सूर जुळला की आतली बेरीज गटाच्या शेवटापर्यंत फुगत जाते, या सुराला जवळपास दोनशे पट. आत येणारा नमुना १२ बिटांचा, कमाल २०४७, तर बेरीज चार लाखांच्या घरात. १६ बिटांची कमाल ३२७६७! मग आकडा उलटून ऋण होतो आणि नेमका मोठ्याने वाजलेला ३ ओळखला जात नाही, हळू वाजलेला जातो. बेरीज साठवायचं रजिस्टर २४ बिटांचं ठेवा. २० बिटांतही बसतं, पण काटकसर कशाला? आणि हा हिशोब वहीत मांडून ठेवा, तोंडीला लागेल.

बोर्ड एकच आहे याची काळजी सोडा. आधी पायथनमध्ये पूर्णांकांचंच गणित लिहा, सुरांची फाइल बनवा, तीच फाइल टेस्टबेंचला, म्हणजे तुमचं व्हेरिलॉग लॅपटॉपवरच चालवून तपासणाऱ्या प्रोग्रामला, वाचायला द्या. दोन्हीकडचे आकडे शेवटच्या बिटापर्यंत जुळले पाहिजेत, ‘साधारण जुळले’ चालणार नाही. हे सगळं घरी लॅपटॉपवर होतं. तोपर्यंत माइक विकत घेऊ नका.

नंतर एकीने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून एमटी८८७० ही चिप आणि तिच्या घड्याळासाठी ३.५७९५४५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आणावा. ही चिप डीटीएमएफ स्वतःच ओळखते. ती प्रोजेक्टमध्ये घालायची नाही, शेजारी पंच म्हणून बसवायची. तुमचं उत्तर तिच्याशी ताडून बघा. ० दाबल्यावर ती १०१०, म्हणजे बायनरीतले दहा, दाखवेल, घाबरू नका, तिची रीतच तशी आहे.

आता तुमचं ‘विशेष काय’. माणसाच्या बोलण्यातही हे सूर अधूनमधून सापडतात आणि यंत्र फसतं. तुमची मराठी इथे आणा : आजीच्या गप्पा, ठाणे स्टेशनवरच्या घोषणा, वाशी लोकलच्या डब्यातला कलकलाट रेकॉर्ड करा आणि यंत्राला ऐकवा. कुणी न दाबलेलं बटण कितीदा सापडलं ते मोजा. मग अट घाला, दोन्ही सुरांचा जोर जवळपास सारखा हवा आणि लागोपाठच्या दोन गटांत उत्तर तेच यावं. पुन्हा मोजा. आधीचा आणि नंतरचा तक्ता अहवालात शेजारी-शेजारी छापा.

प्रश्न : ठाण्यात एका दुकानात तयार प्रोजेक्ट अहवालासकट मिळतो. मुलगा म्हणतो, सगळेच घेतात. पैसे द्यावेत का? — एक पालक, चरई

उत्तर : नका देऊ. परीक्षक म्हणेल, ‘८००० ऐवजी १६००० नमुने घे, कोणते आकडे बदलतील?’ दुकानदार त्या खोलीत नसतो. मुलाला सुटे भाग घेऊन द्या आणि वरचं उत्तर वाचायला द्या. गटाची लांबी २०५ वरून ४१० का होते, एवढं त्याने कागदावर दाखवलं की पुढचे पैसे काढा.