सासूबाईंना जूनमध्ये चिआंग मायला बोलाव

चिआंग मायहून एका शिक्षिकेचं पत्र आलंय. तिथल्या थाई शाळेच्या द्विभाषिक विभागात ती विज्ञान शिकवते. प्रश्न चार विचारलेत, पण खरं दुखणं एकाच परिच्छेदात आहे:

“मार्चमध्ये निकाल लावले की लगेच बॅगा भरायच्या. नाशिकला सासर, सांगलीला माहेर, पुण्यात नणंद. सुट्टी दोन महिन्यांची, पण त्यातला एक दिवस माझा नसतो. यंदा म्हटलं, आधी पंधरा दिवस लाओसला जातो आणि मग येतो. तर सासूबाई म्हणाल्या, ‘वर्षभर तिकडे फिरतच असता की!’ ताई, मी वर्षभर फिरते का हो?”

नाही गं, फिरत नाहीस. पण हे त्यांना कळणार कुठून? त्यांना तू दिसतेस ती फक्त सुट्टीत. एरवी दिसतात ते फोटो: दोई सुथेपच्या देवळाचा सोनेरी स्तूप, सोंग्क्रानच्या पाण्याच्या सणात भिजलेली पोरं. सकाळी शाळेच्या फाटकावर उभं राहणं, आठ वाजताचं झेंडावंदन, पाठोपाठचे तास, घरी आणलेले वह्यांचे गठ्ठे, ह्यांचे फोटो कोण टाकतं? तूही टाकत नाहीस. मग त्यांनी रागवायचं नाही तर काय करायचं?

माझं म्हणणं या सदराच्या वाचकांना पाठ झालं असेल, तरी पुन्हा सांगते. आईवडिलांना आणि सासूसासऱ्यांना आपल्याकडे बोलवा, आणि तेही सुट्टीत नाही, शाळा चालू असताना. सुट्टीत बोलावलं की आपण त्यांना देवळं दाखवतो, मॉल दाखवतो, आणि ते ‘छान मजेत आहेत’ एवढं ठरवून परत जातात. शाळा चालू असताना आले तर त्यांना आपला दिवस दिसतो.

मी सिंगापुरात शिकवत होते तेव्हा माझे वडील जुलैत आले आणि गणपतीच्या आधी परतले. शाळा साडेसातला भरायची आणि तिथे सात वाजेपर्यंत धड उजाडतही नाही. अण्णा माझ्याबरोबर अंधारातच उठायचे, चहा ठेवायचे. दुपारी टेक्का मार्केटात जाऊन कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगा घेऊन यायचे आणि संध्याकाळी इमारतीखालच्या मोकळ्या जागेत शेजारच्या चिनी आजोबांशेजारी बसायचे. दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं, पण रोजची बैठक चुकली नाही. रात्री मी वह्या तपासत बसले की ते समोर पेपर धरून बसत, वाचत काहीच नसत. पुढच्या सुट्टीत मी घरी गेले तेव्हा आत्या भेटीगाठींची यादी घेऊन आली होती. अण्णा तिला दारातच म्हणाले, “आधी तिला झोपू दे.” त्याआधी कितीतरी वर्षं मी हेच सांगत होते, पण माझ्या सांगण्याला तक्रारीचा वास यायचा.

म्हणून तू सासूबाईंना जूनमध्ये बोलाव. मेच्या मध्याला तुमची शाळा उघडते, शेतं-जंगलं जळण्याचा धूर पावसाने धुऊन निघालेला असतो, डोंगर हिरवे असतात. शिवाय जूनमध्ये, बहुतेक गुरुवारीच, तुमच्याकडे ‘वाय ख्रू’ म्हणजे गुरुवंदनेचा सोहळा असतो. तुला मी काय सांगायचं, पण तू हे सासूबाईंना कधी सांगितलंयस का? मुलं फुलांची तबकं घेऊन गुडघ्यांवर सरकत शिक्षकांपुढे येतात, पाली वंदना म्हणतात. तबकात पेंटगुळाची फुलं असतात, बुद्धी त्यांच्या कळीसारखी टोकदार व्हावी म्हणून. वांग्याची फुलं असतात, ती खाली वाकलेली असतात म्हणून नम्रतेची. आणि दूर्वा असतात, ज्ञान तसं पसरावं म्हणून. ज्या बाई गणपतीला दर चतुर्थीला दूर्वा वाहतात, त्यांच्यासमोर परक्या देशातली पोरं त्याच दूर्वा घेऊन त्यांच्या सुनेपुढे वाकू देत. पाहुण्यांना मागे बसू देतात का, हे शाळेत आधी विचारून ठेव.

खाण्याची काळजी करू नकोस. पिवळ्या कापडावर लाल अक्षरांत ‘जे’ लिहिलेल्या दुकानात मांस, मासे, अंडी तर नाहीतच, कांदा-लसूणही नसतो. बाकी ठिकाणी मात्र नुसतं ‘भाजीचं’ म्हटलं तरी माशाचा सॉस पडतो, तेवढं बघ. त्या यायच्या आधीच्या तीन दिवसांत त्यांचं डिजिटल आगमन कार्ड तूच भर, १ मे २०२५ पासून ते सक्तीचं आहे. त्या घरी राहायला आल्या की चोवीस तासांत घरमालकाने इमिग्रेशनला कळवायचं असतं, त्याची त्याला आठवण कर. व्हिसाचे नियम बदलत असतात, तिकिटाआधी दूतावासाची सूचना वाच.

आता लाओस. अगं, मार्च-एप्रिलमध्ये कशाला जायचं? शेतं आणि जंगलं जळतात ती काही फक्त तुमच्याकडे नाही, लुआंग प्रबांगही धुराखाली असतं. धुरातून निघून धुरातच जाणार, आणि वर सासूबाईंचा राग! ऑक्टोबरच्या सुट्टीत जा. चिआंग खोंगहून पूल ओलांडला की लाओसमधलं हुआय साय, तिथून संथ होडी, पाक बेंगला मुक्काम, दुसऱ्या दिवशी लुआंग प्रबांग. पावसानंतर मेकाँग भरलेली असते. एप्रिल नाशिकला दे, पण भेटीगाठी घरी बोलावून कर. ज्यांना भेटायचंय ते येतील.

उरलेले प्रश्न. मुलगा मराठी बोलत नाही म्हणतेस. आजी महिनाभर घरात राहू दे, मग मला लिही. देशाबाहेर जाऊन त्याच मुक्कामाच्या परवानगीवर परत येण्यासाठीचं री-एंट्री परमिट एका वेळचं १००० बाट, अनेक वेळांचं ३८००. लाओस आणि भारत अशा दोनच फेऱ्या असतील तर दोनदा काढलेलंच स्वस्त. ते न काढता देश सोडलास तर मुक्कामाची मुदतवाढ रद्द होते, तेव्हा ह्यात आळस नको. दर नव्वद दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा असतो, त्याची मोजणी परत आल्यावर नव्याने सुरू होते. आणि स्टाफरूममध्ये एकटं वाटतं म्हणतेस, तर थाई बायका डबे उघडतात तेव्हा फोन पर्समध्ये ठेव आणि त्यांच्यात जाऊन बस.

सासूबाईंचं तिकीट काढलंस की कळव.